इंजन थांबलं ती दुपार

दारव्ह्याच्या आमच्या घरात कापसाच्या हंगामात कोणी हळू बोलत नसे. वस्तीतलं आमचं घर अगदी पहिलं, कापसाच्या जिनच्या मागच्या भिंतीला लागलेलं, आणि त्या भिंतीपलीकडे दिवाळीनंतर जे इंजन धडधडायला लागे ते होळीच्या आसपासच शांत होई. फळीवरचे पितळी गिलास दिवसभर एकमेकांना लागून किणकिणत. वरणाच्या वाटीत बारीक गोल लहरी उठत, आणि लहानपणी मला वाटे, वरण असंच असतं. ते इंजन चालवणारा माझा बा. त्याच्या भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर कायम रुई चिकटलेली. हाताला तेलाचा वास. आंघोळ करून तो जेवायला बसला तरी भाकरीला तो वास लागायचाच. संध्याकाळी भोंगा झाला, इंजन थांबलं, तरी आम्ही बराच वेळ सवयीने ओरडूनच बोलत राहायचो आणि माय म्हणायची, "आता तं हळू बोला, मेलं ना ते इंजन."

माय पहाटे दळायला बसे, इंजन सुरू व्हायच्या आधी. जातं मोठं होतं, दोघींनी ओढायचं. मायच्या समोर माझी मोठी बहीण गिरजाबाई. मी तिच्याहून बरीच लहान, त्यामुळे माझं काम जात्याच्या तोंडात मूठमूठ ज्वारी टाकायचं, आणि बहुतेक वेळा दळण संपायच्या आत मी मायच्या मांडीवर झोपलेली असे. मग चूल पेटे, भाकरी थापल्याचा आवाज येई, जवसाची चटणी, थंडीत तुरीच्या ओल्या दाण्यांची, सोल्याची भाजी, आणि बा भोंग्याच्या आधी दोन घास खाऊन निघून जाई.

बा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला त्या वर्षी घरातले देव गेले. त्याने ते टोपलीत घालून नदीवर नेले आणि रिकामी टोपली घेऊन परत आला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती जात्यावर बसली आणि पहिल्याच ओवीत अडखळली. तिच्या सगळ्या ओव्या देवांच्या होत्या. "आता कोणाचं नाव घेऊ व गिरजे?" गिरजाबाई म्हणाली, "नव्या करू नं माय." आणि त्या दोघींनी खरंच नव्या ओव्या केल्या, दळता दळता, एक ओळ हिची, एक ओळ तिची. मायने कुठल्याशा सभेत 'भिक्खू' हा शब्द ऐकला होता. तिला वाटलं, भुकेला असतो तो भुक्कू. बाने तिला सांगून पाहिलं, "भिक्खू म्हन, भिक्खू." माय म्हणाली, "भूक लागल्याबिगर कोणी दुसऱ्याच्या दारात उभं राह्यते काय?" गिरजाबाई इतकी हसली की जातं थांबलं. मग त्यांनी मुद्दाम तोच शब्द ठेवला.

भुक्कू उभा माझ्या दारी, डोळे त्याचे ग निवांत
पीठ वाढाया जाऊ कशी, लेक झोपली मांडीत

ती मांडीतली लेक म्हणजे मी. शेवटची ओळ गिरजाबाईची.

गिरजाबाईचं लग्न पुसदकडच्या एका गावात झालं. पहिलं वर्ष ती आनंदाने यायची-जायची. नंतर तिचं येणं कमी झालं, आणि आली की ती फार झोपायची. एका भादव्यात ती एकटीच आली, नवऱ्याला न सांगता. मायने तिच्या हातावरचा लुगड्याचा पदर बाजूला केला तर मनगटापासून कोपरापर्यंत चटका होता, चिमट्याचा. संध्याकाळी गिरजाबाईने तो हात बासमोर धरला. बाने पाहिला. तो वाईट माणूस नव्हता, हे मला इथे लिहायलाच हवं. पण सोयरीक त्याने जुळवली होती, चार माणसांत शब्द दिला होता, आणि दीक्षा घेतल्यावर आपल्या घराकडे कोणी बोट दाखवू नये याची त्याला फार काळजी असे. तो म्हणाला, "मी समजावतो जावयाले. उद्या मी स्वतः पोचवून देतो तुले." गिरजाबाईने हात मागे घेतला. ती रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घागर घेऊन नदीवर गेली.

नदीला पूर होता. डोहाच्या काठावर घागर सापडली, शेजारी तिच्या चपला, एकीला एक लावून ठेवलेल्या. गावातले पोहणारे उतरले, पार खालच्या गावापर्यंत माणसं जाऊन आली. काही मिळालं नाही.

पुढचे दिवस मला रंगाने आठवतात, सगळे राखेसारखे. मायने दळताना गाणं सोडलं. तिच्या समोर आता मी बसत होते, जातं नुसतंच घरघरायचं, आणि त्या घरघरीत मला गाणं ऐकू आल्यासारखं व्हायचं. मी मान वर केली की मायही माझ्याकडेच पाहत असायची. बायका म्हणू लागल्या, भर दुपारी डोहात कोणीतरी गाते. त्या बाजूला पाण्याला जाणं बंद झालं. आमची शेजारीण सीताकाकू दारातून मायला म्हणाली, "तिचं काही तरी करा व बाई, तिले गती नाही." बा आत बसला होता. तो बाहेर आला. "भूत नसते," तो म्हणाला. "आपण ते सोडलं." त्याने एवढंच म्हटलं, आणि त्या दिवसापासून गिरजाबाईचं नाव त्याच्या तोंडून गेलं. भूत म्हणून तिला रडणं आम्हाला मना होतं आणि माणूस म्हणून रडायला प्रेत नव्हतं. माय भाकरी मात्र एक जास्तीची थापत राहिली. ती रोज संध्याकाळी बाहेरच्या कुत्रीला जायची.

काही वर्षांनी, ऐन हंगामात, जिनचा एक मॅनेजर बदलून गेला तेव्हा जाताना त्याने आपला जुना रेडिओ बाला देऊन टाकला. मोठी लाकडी पेटी, एका बाजूने उकललेली, आणि विटेएवढी जड बॅटरी. वस्तीत वीज नव्हती. बाने अंगणातल्या कडुलिंबापासून छपरावरच्या बांबूपर्यंत तांब्याची तार ओढली, तिचं एक टोक खिडकीतून आत घेतलं, आणि दुसरी एक तार न्हाणीजवळच्या ओल्या मातीत पुरली. संध्याकाळी बातम्या बऱ्या लागत. दुपारी नागपूरचं स्टेशन लांबून आल्यासारखं, कधी जवळ, कधी दूर, आणि त्याच्यावर सतत एक खरखर, जसं कोणी सुपात सरकी घोळवतं आहे. तरीही दुपारचा बायकांचा कार्यक्रम ऐकायला सीताकाकू आणि माय बसत. माय ऐकत असे की नुसतीच बसत असे, मला कळत नव्हतं.

त्या दिवशी मी शाळेतून लवकर आले होते. माय तांदूळ पाखडत होती. रेडिओत नागपूरच्या एका कापड गिरणीच्या वस्तीतल्या बायका जात्यावरची गाणी म्हणत होत्या. खरखर इतकी की चाल तेवढी कळत होती. आणि अचानक मायचं सूप थांबलं. तांदूळ जमिनीवर सांडले. तिने हात वर करून आम्हाला गप्प केलं, आम्ही गप्पच होतो तरी. खरखरीतून दोन तुकडे आले: "...माझ्या दारी..." आणि बऱ्याच वेळाने, "...झोपली मांडीत." मग पुन्हा सरकीचा आवाज.

"गिरजी," माय म्हणाली.

सीताकाकूचा चेहरा उतरला. ती उठून उभीच राहिली आणि पाठ न फिरवता, मागे मागे चालत दाराबाहेर गेली. दिवे लागायच्या आत सगळ्या वस्तीला कळलं होतं की डोहातली गिरजा तारेवरून घरात आली.

आज मी यवतमाळला मुलाकडे राहते. नात पुण्याहून फोन करते, मध्येच आवाज तुटतो, खरखर होते, आणि ती सहज म्हणते, "आजी, नेटवर्क नाही इथे." मी फोन कानाला घट्ट दाबून ठेवते. तिचा आवाज परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. तिला याचं कारण मी कधी सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी बा कामावरून आला तेव्हा अंगणात माणसं जमली होती. त्याने सगळ्यांना घालवलं, दार लावलं. माय म्हणाली, "तिचीच ओवी होती." बा म्हणाला, "दारी, मांडी, हे शब्द कोणाच्याही ओवीत असतात." माय म्हणाली, "चाल तिची होती." बाने रेडिओकडे बोट केलं. "मेलेल्याचा आवाज यातून येत नाही," तो म्हणाला. "ज्याचा येतो तो माणूस कोठी तरी बसून बोलते." आणि बोलता बोलताच त्याला आपल्या बोलण्याचा अर्थ कळला. आवाज तिचा नसेल तर ती डोहात होती. आवाज तिचा असेल तर ती कुठेतरी श्वास घेत होती, आणि आम्हाला तिने ते कळू दिलं नव्हतं. तो जेवला नाही.

मला मात्र एक गोष्ट आठवत होती. कार्यक्रम संपताना आवाज क्षणभर जवळ आला, तेव्हा रेडिओतली बाई म्हणाली होती, याच बायकांची हीच गाणी पुन्हा पुढच्या आठवड्यात, याच वेळी. मी मायला ते सांगितलं. माय म्हणाली, "मले पूर्ण ओवी नको, कौसे. मले तो एकच शब्द ऐकू येऊ दे. भुक्कू आला तं ते आपलं. भिक्खू म्हटलं, अजून काही म्हटलं, तं ती दुसरी कोणी. मी पुन्हा नाव नाही घेणार."

एका शब्दासाठी एक आठवडा. मी बाजारातल्या बाबूमियाकडे गेले. दारव्ह्यात रेडिओ आणि गॅसबत्त्या तोच दुरुस्त करायचा, गप्पिष्ट माणूस, दाढीला मेंदी. वस्तीतली गोष्ट त्याच्या कानावर गेलेली होतीच. तो म्हणाला, "तार कमजोर आवाज पकडती, बेटी. इतनी दूरसे आनेवाला आवाज थका हुआ रहता. उसको बीच में जोर देना पडता." त्याच्याकडे एक डबा होता, आत दिव्यासारखा एक काचेचा व्हॉल्व्ह, तारेच्या आणि रेडिओच्या मधे लावायचा. तो लावला की बारीक आवाज मोठा होतो म्हणे. पण लावायच्या आधी पाहायला हवं, की दोष तारेत आहे का रेडिओत. तो दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन घरी आला. बा कामावर होता.

आधी त्याने तारेचं टोक रेडिओतून उपसलं. खरखर एकदम खाली गेली. "देखो. रेडिओ चांगला आहे. जे येऊन राह्यलं ते तारेतूनच येऊन राह्यलं." मग त्याने मधे डबा जोडला. नागपूर मोठं झालं खरं, कोणीतरी शेतीचं काही सांगत होता, त्याचा आवाज वाढला. पण त्याच्यासोबत खरखरही वाढली, इतकी की फळीवरच्या गिलासांचं किणकिणणं ऐकू येईना. शब्द पहिल्याइतकेच बुडालेले. बाबूमियाने बटणं फिरवली, डबा थोपटला, तार ताणली. मायने दोन्ही कान झाकून घेतले.

"काढ भाऊ तो डबा," ती म्हणाली. "हे तं तिले अजून बुडवून राह्यलं."

त्याने डबा काढला. तो निमूटपणे तारा गुंडाळत होता आणि तेवढ्यात जिनचा जेवणाचा भोंगा झाला. भिंतीपलीकडचं इंजन मंद होत होत थांबलं. आणि इंजनाबरोबर रेडिओतली खरखरही थांबली. एका माणसाचा आवाज खोलीत आला, कापसाच्या किडीबद्दल बोलणारा, इतका स्वच्छ की मायने झटकन डोक्यावरचा पदर सावरला.

मी तारेकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "माय, हे इंजनाचं आहे," मी म्हणाले. आम्ही सुट्टी संपेपर्यंत बसून राहिलो. भोंगा झाला, धडधड सुरू झाली, आणि सरकी घोळवल्याचा तो आवाज परत आला. बाबूमिया मोठ्याने हसला, "अरे, डबा नही मंगता इसको! इंजन बंद मंगता!" आणि मायचा चेहरा पाहून तिथेच थांबला. मग नरमाईने म्हणाला, "माह्या दुकानात आणा रेडिओ त्या दिवशी. बाजूच्या पिठाच्या चक्कीवाल्याले सांगतो मी." माय म्हणाली, "बाजारात? लोकं तमाशा पाह्यतीन. ती येईन तं माह्या घरात येईन."

रात्री जेवताना मी बाला सगळं सांगितलं. तो खाली पाहून ऐकत होता. यंत्राची गोष्ट निघाली की त्याला बोलणं सोपं जाई. "पट्ट्याजवळ हात नेला तं अंगावरचे केस उभे राह्यतात," तो म्हणाला. "चामड्याचा पट्टा आहे, चाकावर घासते. ते उतरत असंन तारेत."

"मंग बा, पाव घंटा जर..."

"बाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग पाह्यली काय तू? रेचावर सरकी काढाले बाया बसल्या असतात. इंजन काय माह्या घरचं आहे, केव्हाही थांबवाले?"

माय चुलीजवळ होती. ती तिथूनच म्हणाली, "तुमाले भेव कायचं वाटून राह्यलं? ती नसंन त्याचं, का असंन त्याचं?"

मायने बाला असं काही विचारलेलं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. बाने हातातला घास ताटात ठेवला, हात धुतले आणि अंगणात जाऊन लिंबाखाली बसला. त्या आठवड्यात मी पुन्हा विचारलं नाही.

तो दिवस उजाडला. मी शाळेत गेले नाही. मायने घर सारवलं, जसं कोणी पाहुणं यायचं आहे. वस्तीतलं कोणी आलं नाही. सीताकाकूने आपलं दार ओढून घेतलं होतं. माय रेडिओसमोर मांडी घालून बसली, पेटीच्या कापडाला जवळजवळ गाल लावून. कार्यक्रम सुरू झाला. खरखर होतीच. बाईने काही सांगितलं, ते कळलं नाही. बायकांनी एक गाणं म्हटलं, ते गेलं. दुसरं सुरू झालं. माय डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून ऐकत होती, एखादी बाई काळोखात चाचपडत दार शोधते तशी. मला तिच्याकडे पाहवेना.

आणि मग पायाखालची जमीन बदलली. मला ते आधी तळव्यांना कळलं. धडधडीतला एकेक ठोका लांबू लागला, जड झाला, आणि थांबला. भोंगा झालेला नव्हता. भर हंगामात, भर दुपारी, सगळ्या दारव्ह्यात एकदम इतकी शांतता झाली की बाहेर उभ्या बंड्यांच्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज घरात आला. फळीवरचे गिलास स्तब्ध होते. भिंतीपलीकडे कोणीतरी ओरडलं, "काय झालं रे? काहून बंद केलं?"

रेडिओतला आवाज खोलीत उभा राहिला. तो गिरजाबाईचा नव्हता. पहिल्याच क्षणी कळलं. जाड, बसका, वयस्क बाईचा आवाज. मायचा चेहरा पडला आणि ती मागे सरकली. ती बाई गात होती:

भुक्कू उभा माझ्या दारी...

माय हलली नाही. पूर्ण ओवी झाली, मागच्या बायकांनी ती उचलली, पुन्हा एकदा तोच शब्द आला, तसाच, चुकीचा, आमच्या घरातला. मग रेडिओतल्या बाईने गाणारणीचं नाव सांगितलं, शेवंताबाई, आणि वस्तीचं नाव सांगितलं. मी ते पाटीवर लिहून घेतलं.

दारात सावली पडली. बा उभा होता, अंगभर रुई, हात काळे. हंगामात दुपारी तो कधी घरी आलेला नव्हता. "काय आलं?" त्याने विचारलं.

माय म्हणाली, "आवाज दुसरीचा आहे. ओवी तिची आहे."

"तो शब्द?"

"तोच."

बा उंबऱ्यावरच बसला. मालकाची माणसं त्याला शोधत आली तरी तो उठला नाही. त्या दिवशी त्याला कामावरून घरी बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघं नागपूरच्या गाडीत होतो.

शेवंताबाई सापडायला वेळ लागला नाही. रेडिओवर गायलेली बाई म्हणून वस्तीतलं पोरसुद्धा तिचं घर दाखवत होतं. टिनाच्या छपराच्या खोल्यांची ओळ, मधून नाली. ती दारात ज्वारी निवडत बसली होती. बाने तिला विचारलं, ती ओवी तुम्हाला कोणी शिकवली. तिने आमच्याकडे एकेक करून पाहिलं, मायकडे जास्त वेळ. मग ती उठली आणि शेजारच्या खोलीत गेली. दार आतून लागलं. आत कुजबुज झाली. शेवंताबाई बाहेर आली, दार ओढून घेतलं, आणि बाला म्हणाली, "आत आहे ती म्हणते, का गिरजा नदीत गेली. असंच सांगा म्हणते."

दाराच्या फळ्यांत फट होती. फटीआड कोणीतरी उभं होतं, उजेड अडला होता. बाने ते पाहिलं. तो दाराला हात लावेल असं मला वाटलं. पण तो एक पाऊल मागे सरकला, आणि आयुष्यभर इंजनावर ओरडून बोललेला तो माणूस इतक्या हळू बोलला की मी जवळ असूनही मला पुढे व्हावं लागलं. "तिले सांगा," तो शेवंताबाईला म्हणाला, "मी परत न्यायले नाही आलो. तिची माय आली आहे. मी तिकडे जाऊन बसतो." आणि तो गल्लीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर जाऊन बसला, आमच्याकडे पाठ करून.

मग दार उघडलं.

मायने आधी तिला एक थोबाडीत मारली. नंतर तिला जे धरलं ते सोडेचना. गिरजाबाई वाळली होती, बोटं कापसाच्या कामाने फुटलेली. ती मला ओळखत नव्हती, इतकी मी वाढले होते. मग ती म्हणाली, "चपला मी मुद्दाम ठेवल्या, माय. तुम्ही मले पाण्यात पाह्यत राहान, रस्त्यावर पाह्यणार नाही म्हणून." नदीकाठाने ती पुढच्या गावापर्यंत चालत गेली होती, तिथून कोणाच्या तरी बंडीत, मग गाडीत. शेवंताबाई तिला स्टेशनबाहेर भेटली. तिने तिला आपल्यासोबत गिरणीत लावलं. दळताना दोघी गायच्या. रेडिओवाले आले तेव्हा गिरजाबाई लपून बसली, पण ओवीला लपवायचं तिच्या ध्यानात आलं नाही.

ती आमच्यासोबत परत येणार नव्हती, आणि मायनेही तसं म्हटलं नाही. सासरच्यांना ती जिवंत आहे हे कळू द्यायचं नव्हतं. म्हणून दारव्ह्यात आम्ही काहीच सांगितलं नाही. वस्तीत ती डोहातलीच राहिली. बायका मायचं सांत्वन करत राहिल्या आणि माय मान खाली घालून ऐकत राहिली. मला वाटतं, ज्या वर्षांत आम्ही तिला मेलेली मानत होतो त्यांच्यापेक्षा ही वर्षं त्या घराला जड गेली. जिवंत माणसाचं मेलेपण रोज सांभाळायचं होतं. सीताकाकूची सून आजारी पडली तेव्हा तिने आमच्या दारावरून उतारा ओवाळून डोहात टाकला, आणि बाने तेही पाहिलं. भूत नसते असं तो त्यानंतर कधी म्हणाला नाही.

दरवर्षी होळीनंतर आम्ही नागपूरला जायचो. बा सोबत येई, गल्लीच्या टोकापर्यंत. तिथे कठड्यावर बसे. आम्ही आत जाऊ, गिरजाबाई स्वयंपाक करी आणि न बोलता एक ताट वाढून माझ्याकडे देई. मी ते नेऊन बाला द्यायची. तो जेवून ताट टाकीच्या नळाखाली धुऊन परत द्यायचा. तिने कधी विचारलं नाही, तो जेवला का. त्याने कधी विचारलं नाही, ती कशी आहे. असं बरीच वर्षं चाललं. माझं शिक्षण झालं, मला नोकरी लागली, मायचे केस पांढरे झाले.

एका वर्षी मी नेहमीसारखी ताट घ्यायला हात पुढे केला तर गिरजाबाईने ते दिलं नाही. ती स्वतःच ताट घेऊन निघाली. मी दारात थांबले, माय आत होती. ऊन होतं, गल्लीत कोणी नव्हतं. गिरजाबाई टाकीपाशी गेली, ताट कठड्यावर ठेवलं, आणि तोंड अर्धं वळवून उभी राहिली. बाने मान वर केली. तो उठला. त्याला उठायला आता कठड्याचा आधार घ्यावा लागत होता. दोघं तशीच उभी राहिली, मधे ते ताट. मग गिरजाबाई खाली बसली, आणि तिच्यानंतर बा बसला. तिचे ओठ हलले. थोड्या वेळाने त्याचे हलले. मी दारात होते तिथून मला काही ऐकू आलं नाही, आणि त्या दोघांपैकी कोणालाही मी ते कधी विचारलं नाही.